पोथीतलं तुळशीचं पान



आमच्या घरी गुरुचरित्राची पोथी होती आणि ती बायकांनी वाचायची नाही, असा दंडक होता. वडील दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी सप्ताह करायचे. सोवळं नेसून देवघरासमोर बसायचे, आई नैवेद्याचं करता करता स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले. त्या साली पोथी फडक्यातच राहिली. पुढच्या मार्गशीर्षात आईनं ते लाल फडकं सोडलं, चौरंगावर पोथी मांडली आणि स्वतः वाचायला बसली. काकांनी समजावलं, शेजारच्या आजींनी समजावलं. आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वाचन चालू ठेवलं.

गुरुचरित्राच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या अध्यायांच्या आगेमागे एक कथा आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. माहूरहून एक तरुण बाई क्षयानं खंगलेल्या नवऱ्याला घेऊन गाणगापूरला निघते. गाणगापूर गाठेपर्यंत नवरा जातो. तिथं एक तपस्वी तिला पतिव्रतेचा धर्म सांगतो, सहगमनाचं पुण्य सांगतो, आणि मागं राहायचं असेल तर विधवेनं कसं राहावं तेही सांगतो: केस, जेवण, अंथरूण, वस्त्र, सगळं. ती सती जायला निघते. जाण्याआधी श्रीगुरूंच्या, म्हणजे गाणगापूरच्या महाराजांच्या, पायांवर डोकं ठेवते, तेव्हा त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघतो, आणि गेलेला नवरा उठून बसतो.

आई त्या बाईची कथा मनापासून वाचायची. वाचताना तिचा आवाज भरून यायचा. नियमांच्या ओव्या सुरू झाल्या की ती देवापुढचं एक तुळशीचं पान उचलून तिथं ठेवायची, पोथीची पानं उलटायची आणि कथा पुन्हा सुरू होते तिथून पुढं वाचायची. मी एकदा विचारलं, तू हे का सोडतेस? ती म्हणाली, "हे महाराजांचं बोलणं नव्हे गं. लिहिणाऱ्याचं आहे." मी म्हटलं, तुला कसं कळलं? "महाराजांनी तिचा नवरा उठवला ना? मग ते असं कशाला सांगतील?"

ही गोष्ट मी शाळेत गुरुजींना सांगितली. ते आम्हाला संस्कृत शिकवत. त्यांनी आईला नावं ठेवली नाहीत, पण मला एक न्याय शिकवला: अर्धकुक्कुटीन्याय. एका माणसाला कोंबडीचा पुढचा अर्धा भाग कापून खायचा होता आणि मागचा अर्धा अंड्यांसाठी ठेवायचा होता. तसं होत नाही, गुरुजी म्हणाले. ग्रंथ प्रमाण मानायचा तर सगळा माना, नाहीतर सगळा सोडा. अर्धा मानलास तर प्रमाण ग्रंथ राहत नाही, तुझी आवड प्रमाण होते. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आज त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत उभी राहून, पन्नासहून अधिक वर्षांनी, मी त्या प्रश्नाशी पुन्हा भिडते आहे. मी श्रद्धाळू आहे, हेही आधीच सांगते. देवघर माझ्या घरात आहे आणि रोज दिवा लागतो.

उत्तर शोधायला फार लांब जायचं कारण नाही. आपल्या शहरातून देवगिरीचा किल्ला दिसतो. तेराव्या शतकात तिथं यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित मंत्री होता. बांधकामाच्या शैलीमुळं आपण त्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो, पण त्याचं मोठं काम ग्रंथाचं आहे. 'चतुर्वर्गचिंतामणि' या प्रचंड संग्रहात त्यानं पुराणांतून, स्मृतींतून व्रतं, दानं, श्राद्धं यांविषयीची वचनं एकत्र केली. आता, जो हजारो वचनं एकत्र करतो त्याला ती एकमेकांशी भांडताना दिसतातच. एक स्मृती म्हणते करा, दुसरी म्हणते करू नका. मग असे संग्रह करणारे निबंधकार काय करत? हे वचन दुसऱ्या युगासाठी, हे दुसऱ्या शाखेसाठी, हा विधी, हा नुसता अर्थवाद, म्हणजे स्तुतीचं बोलणं, अशी वाटणी करत. पूर्वी शास्त्रानं मान्य केलेल्या कितीतरी गोष्टी, नियोगापासून यज्ञातल्या पशूपर्यंत, 'कलिवर्ज्य', म्हणजे कलियुगात वर्ज्य, या एका शब्दाखाली त्यांनी बाजूला काढल्या. याज्ञवल्क्यस्मृतीत तर असंही सांगितलं आहे की एखादी गोष्ट धर्माला धरून असली तरी लोकांना तिचा तिटकारा वाटत असेल तर ती आचरू नये. भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा आहे. त्यात कलिवर्ज्यांचा पसारा पाहिला की गुरुजींची ती कोंबडी शास्त्रीपंडितांनी किती वेळा कापली आहे ते कळतं. फरक इतकाच की कापताना त्यांनी सुरी युगाच्या हातात दिली. आम्ही निवडलं असं ते म्हणाले नाहीत, कलियुग आलं असं म्हणाले.

म्हणून निवड करावी की नाही, हा प्रश्न मला फारसा खरा वाटत नाही. सगळेच करतात. माझा प्रश्न असा आहे की ती उघडपणे केली का, आणि तिची किंमत कोणी भरली.

त्याच देवगिरीवर हेमाद्रीनंतर सुमारे तीनशे वर्षांनी पैठणचा एक मुलगा गुरूच्या शोधात आला. जनार्दनस्वामी तिथं किल्लेदार होते. परंपरा सांगते की स्वामींनी एकनाथांना हिशेबाला बसवलं, आणि एका पैची चूक सापडेना म्हणून हा पोरगा रात्रभर दिव्याशी बसून राहिला. चूक सापडली तेव्हा त्याला झालेला आनंद पाहून स्वामी म्हणाले की एका पैसाठी एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल. ही गोष्ट आपण गुरुभक्तीसाठी सांगतो. मला तिच्यात संपादक दिसतो. कारण शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, याच एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी लिहून झाली ती शके १२१२ मध्ये; मधल्या तीनशे वर्षांत नकलून नकलून तिच्यात पाठ बिघडले होते, भाविकांनी आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

म्हणजे ग्रंथाच्या मजकुराबाबत नाथ कमालीचे कडक होते. एक ओवी इकडची तिकडे चालणार नाही. आणि आता याच माणसाचं वाचन बघा. भागवताचे बारा स्कंध. नाथांनी आधी भाष्य केलं ते त्यातल्या चार श्लोकांवर, चतुःश्लोकी भागवतावर. मग मोठी टीका लिहिली ती एकट्या अकराव्या स्कंधावर. पैठणला सुरू केलेला तो ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला. सगळ्या भागवतातून त्यांनी तो स्कंध उचलला जिथं कृष्ण उद्धवाला अखेरचा उपदेश करतो, भक्ताची लक्षणं सांगतो. बाकीचे स्कंध त्यांनी खोटे ठरवले नाहीत, फाडले नाहीत, बदलले नाहीत. आपलं आयुष्य कुठल्या पानावर घालवायचं ते त्यांनी ठरवलं.

या निवडीचा अर्थ पैठणच्या रस्त्यावर दिसला. श्राद्धाचा स्वयंपाक झाला आहे, आणि त्या वासानं थांबलेल्या, गावानं अस्पृश्य ठरवलेल्या कुटुंबाला नाथांनी आधी जेवू घातलं. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी लावली. या कथा परंपरेच्या आहेत, कागदपत्रांच्या नाहीत, हे मान्य. पण परंपरेनं नाथांच्या नावावर कोणत्या कथा जपल्या यालाही अर्थ आहे. ब्रह्मवृंदानं बहिष्कार घातला, आणि मुलगा हरिपंडितच मराठी पुराणावरून रुसून काशीला गेला असं सांगतात. निवडीची किंमत घरातच भरावी लागली. हेच ते पैठण, हे विसरू नये, जिथं त्याआधी तीनशे वर्षं ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं शुद्धिपत्रासाठी हात जोडून उभी राहिली होती. आईवडिलांना ग्रंथाच्या आधारानं देहान्त प्रायश्चित्त सांगणारे होते, आणि मुलांची शुद्धीही ग्रंथातच शोधायची होती.

निवडीच्या किमतीबाबत न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण मला फार दिवस छळत आलं आहे. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. कुठलाही एक ग्रंथ अपौरुषेय आणि चुकीच्या पलीकडचा मानायचा नाही, पण ईश्वराची उपासना सोडायची नाही, अशी ती वाट. रानडे, भांडारकर त्या वाटेनं चालले आणि त्यांनी तुकोबांचे अभंग प्रार्थनेत आणले. पुनर्विवाहाच्या वादात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतलं एक वचन पुढं आणलं होतं. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगणारं. विष्णुशास्त्री पंडितांनी ते मराठीत आणलं, १८७० मध्ये पुण्यात त्यावर जाहीर शास्त्रार्थ झाला. रानडे पुनर्विवाहाच्या बाजूचे. इतक्या स्मृतींतून एक वचन वेचून काढणं, हे किती प्रेमाचं काम आहे बघा. ज्या ढिगाऱ्यात बाईला गाडलं होतं त्याच ढिगाऱ्यातून तिच्यासाठी वाट खणायची.

आणि १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांचा आग्रह मोडवला नाही. एकतीस वर्षांच्या रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी झालं. विधवेशी नव्हे. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली, सेवासदनाचं काम तिनं उभं केलं, हे सगळं खरं आणि मोठं आहे. मी रानड्यांपुढं हात जोडते आणि तरीही म्हणते की वेचलेलं वचन त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यापाशी आलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. वचन बरोबर होतं. परीक्षा वचनाची नव्हतीच.

परदेशातलं एकच उदाहरण देते. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास, म्हातारपणी, बायबलच्या प्रती घेतल्या. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी. धारदार पात्यानं येशूची वचनं कापून काढली आणि कोऱ्या वहीत डकवली. चमत्कार गळले, पुनरुत्थान गळलं, नीतिवचनं राहिली. ही वही त्यांनी हयातीत छापली नाही. ती आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. माणूस प्रामाणिक होता, येशूवर त्यांचं प्रेम होतं. पण त्यांच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. चमत्कार कापायला त्यांना काहीच मोजावं लागलं नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा हे वचन वहीत नीट डकवलेलं आणि शेतावर माणसं विकत घेतलेली. आईच्या तुळशीच्या पानात आणि या पात्यात मला आणखी एक फरक दिसतो. पात्यानं कापलेला मजकूर त्या वहीतून गेला. पानाखालच्या ओव्या तशाच राहिल्या. कोणालाही पान उचलून बघता येईल की काय सोडलं.

आता आपल्या शहरात परत येऊ. लेण्यांच्या डोंगराकडे जाताना नागसेनवन लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं महाविद्यालय सुरू केलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात, जिथं दलितांच्याच काय, कुणाच्याही मुलाला पदवीपर्यंत शिकायचं तर लांब जावं लागे. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनाचं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणारा. त्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ म्हणजे पाली भाषेतला 'मिलिंदपञ्हो'. मी त्या आवारात अनेकदा गेले आहे आणि दर वेळी हे मनात येतं: प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचं महाविद्यालय आणि उत्तर देणाऱ्याच्या नावाची झाडं. कुठल्या शिक्षणसंस्थेनं आपल्या धर्मग्रंथातल्या शंका काढणाऱ्याला असा मान दिला असेल?

त्या ग्रंथात सुरुवातीलाच एक सुंदर जागा आहे. राजा चर्चेचं आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन विचारतात: महाराज, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर येतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. नागसेन सांगतात की पंडितांच्या चर्चेत गाठी बांधल्या जातात, सोडवल्या जातात, माणूस चुकीत सापडतो आणि तरी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र जो विरोध करतो त्याला शिक्षा होते. मिलिंद म्हणतो, पंडितांसारखी करू.

याच ग्रंथात पुढं मिलिंद एक अवघड प्रश्न काढतो, वेस्संतराचा. दानशूर राजपुत्र वेस्संतर याचकाला स्वतःची मुलंसुद्धा देऊन टाकतो. राजा विचारतो, मुलं रडत होती, त्यांना दोरीनं बांधून नेलं. दुसऱ्याला दुःख देऊन केलेलं दान पुण्याचं कसं? ही कथा आपल्या जिल्ह्यातच भिंतीवर आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलेलं आहे. त्या चित्रासमोर माझे डोळे दोनदा भरून आले आहेत. त्या राजपुत्राच्या दानाला मी मान देऊ शकते, आणि मुलं देण्याला देऊ शकत नाही. फार पूर्वीच, पाली ग्रंथाच्याच आत, एका राजानं हीच शंका काढली होती, हे कळल्यावर मला फार धीर आला. ग्रंथानं त्याचं तोंड बंद केलं नाही, त्याचा प्रश्न लिहून ठेवला.

बाबासाहेबांचा शेवटचा ग्रंथ, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी परंपरेला सरळ अडचणी विचारल्या आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, असं सांगतात. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी हे कधी पाहिलंच नव्हतं, हे कसं मानायचं? बाबासाहेबांनी त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांच्यात झालेला तंटा पुढं आणला. युद्ध नको म्हणणारा सिद्धार्थ घर सोडतो. चार आर्यसत्यं मूळ उपदेशातली का, आत्मा नाकारणाऱ्याच्या धम्मात कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात, भिक्षू संघ कशासाठी, हेही त्यांनी विचारलं. आणि निकष उघड मांडला: बुद्ध तर्काला धरून बोलणारे होते, म्हणून जे तर्काला आणि माणसाच्या कल्याणाला धरून आहे तेच त्यांचं वचन असण्याचा संभव. काही बौद्ध विद्वानांनी यावर टीका केली की हा बुद्ध आंबेडकरांचा आहे.

हा निकष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवलं. माझी आई ज्या पद्धतीनं विचार करत होती ती हीच होती. महाराज कसे होते ते आधी जाणून घ्यायचं, मग त्यांच्या नावावरचं कोणतं बोलणं त्यांचं असेल ते ठरवायचं. चौथी शिकलेल्या बाईला ते सुचलं होतं आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसानं ते शास्त्र म्हणून मांडलं.

पण दोघांना एका ओळीत बसवून मी पुढं जाऊ शकत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तुळशीचं पान ठेवून पुढं जाण्याची सोय माझ्या आईला होती, कारण त्या पोथीत तिच्यासाठी गाणगापूरचे महाराजही होते. ज्यांच्यापर्यंत ग्रंथ फक्त काठी होऊन पोचला, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या दाराशी, त्यांना कोणतं पान उलटून पुढं जाता आलं असतं? त्यांना श्रद्धेनं वेचा असं सांगणं मला क्रूर वाटतं. बाबासाहेबांनी तो ग्रंथ नीट वाचला होता, जाळण्याआधी आणि नंतरही. आणि १९५६ साली नव्या धम्मात जाताना त्यांनी आपली शंका दाराबाहेर ठेवली नाही. जी मोजपट्टी जुन्याला लावली तीच नव्याला लावली, ज्याच्या पायाशी बसायचं होतं त्यालाही. अर्धी कोंबडी कापणारा नेहमी दुसऱ्याची कोंबडी कापतो. इथं तसं झालं नाही.

गुरुजी, तुमच्या न्यायाला माझं हे उत्तर आहे. तुम्ही ऐकून घेतलं असतं, आणि बहुधा दुसरा न्याय सांगितला असता. ती पोथी आता माझ्याकडे आहे. बत्तिसाव्या अध्यायात तुळशीची पानं कधीच विरून गेली, पण कागदावर त्यांचे तपकिरी डाग राहिले आहेत. मीही तिथं पान ठेवत आले. गेल्या मार्गशीर्षात नात सुट्टीला आली होती. तिनं डाग पाहिले, विचारलं, आणि मी सांगायच्या आत त्या सोडलेल्या ओव्या मोठ्यानं वाचल्या. मी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी पोथी उघडली तर आणखी एक ताजं पान दिसलं, अठ्ठाविसाव्या अध्यायात. कोणत्या पापानं पुढच्या जन्मी कोणत्या योनीत, कोणत्या हीन ठरवलेल्या जातीत जन्म येतो, त्याची यादी आहे तिथं. मी तो अध्याय पन्नास वर्षं न अडखळता वाचत होते.